गायला, गात होता, गायचा : स्पॅनिश भूतकाळाची प्रस्तावना

स्पॅनिशमध्ये ‘गाणे’ या क्रियेला ‘कान्तार’ म्हणतात. ‘मी गातो’ म्हणायचे तर ‘काऽन्तो’ आणि ‘तो गायला’ म्हणायचे तर ‘कान्तोऽ’. अक्षरे तीच आणि त्यांचा क्रमही तोच. पहिल्या शब्दात जोर ‘का’वर आहे, दुसऱ्यात ‘तो’वर, आणि तेवढ्याने कर्ता बदलतो, काळही बदलतो. (अवग्रहाचे चिन्ह इथे केवळ जोर दाखवण्यासाठी वापरले आहे, स्वर लांबवण्यासाठी नव्हे.) तसेच ‘काऽन्ते’ म्हणजे ‘त्याने गावे’, तर ‘कान्तेऽ’ म्हणजे ‘मी गायलो’. काही ठिकाणी तर तीन शब्द एकाच सांगाड्यावर उभे असतात : ‘तेऽर्मिनो’ म्हणजे मर्यादा किंवा शेवट, ‘तेर्मीऽनो’ म्हणजे मी संपवतो, ‘तेर्मिनोऽ’ म्हणजे त्याने संपवले. जोरामुळे अर्थ फिरतो ही गोष्ट आपल्या परंपरेला अनोळखी नाही. त्वष्ट्याने इंद्राचा वध करणारा पुत्र मागताना ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकवला, त्यामुळे ‘इंद्राला मारणारा’ऐवजी ‘इंद्र ज्याला मारणार तो’ असा अर्थ झाला आणि तो पुत्र, वृत्र, हाच मारला गेला. ही कथा पतंजलीने महाभाष्यात व्याकरण का शिकावे हे सांगताना घेतली आहे. वेदपठणाबाहेर मात्र आपल्या रोजच्या मराठीत जोर हा अर्थाचा वाहक उरलेला नाही. मराठी माणूस जोर देतो तो ठासून सांगण्यासाठी. काळ बदलण्यासाठी नाही. स्पॅनिश भूतकाळाच्या दारातच मराठी विद्यार्थ्याला जी अडचण भेटते ती ही, आणि ती बहुतेक पुस्तके त्याला सांगतच नाहीत. ती त्याच्या हाती एक तक्ता देतात.

पुढच्या पानांत नियमित क्रियापदाचा भूतकाळ मांडला आहे, आणि त्या मांडणीमागे एक आग्रह आहे. मराठी बोलणाऱ्याने स्पॅनिश भूतकाळ इंग्रजीच्या आडोशाने शिकू नये. थेट मराठीतून शिकावा. स्पॅनिशमध्ये एकशब्दी भूतकाळ दोन आहेत आणि त्यांपैकी कोणता केव्हा वापरायचा हा सगळ्या जगातल्या विद्यार्थ्यांचा मुख्य पेच मानला जातो. तो पेच मराठीभाषकाने लहानपणीच, शाळेत जायच्या आधी सोडवलेला असतो. त्याला खरोखर नवे असते ते वेगळेच : जोर, आणि क्रियापदाने नेहमी कर्त्याशीच जुळवून घेण्याची सवय. आज होते ते उलट. जे त्याला येते ते त्याला अवघड म्हणून शिकवले जाते, आणि जे त्याला येत नाही ते तक्त्याच्या कोपऱ्यातल्या, जोर दाखवणाऱ्या एका तिरक्या रेघेवर सोडून दिले जाते.

आधी तक्ता पाहू, कारण तो लहान आहे आणि सुंदरही आहे. स्पॅनिश क्रियापदे मूळ रूपाच्या शेवटावरून तीन घरांत विभागली जातात : ‘-आर’, ‘-एर’ आणि ‘-ईर’. दोन भूतकाळांपैकी पहिल्यात, म्हणजे ‘गायला’च्या साध्या भूतकाळात, मात्र शेवटची दोन घरे एक होतात, त्यामुळे प्रत्ययांचे दोनच संच उरतात. ‘कान्तार’ची रूपे कान्तेऽ, कान्ताऽस्ते, कान्तोऽ, कान्ताऽमोस, कान्ताऽस्तेइस, कान्ताऽरोन. ‘कोमेर’ म्हणजे खाणे. त्याची रूपे कोमीऽ, कोमीऽस्ते, कोम्योऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोम्येऽरोन. ‘बिबीर’ म्हणजे जगणे किंवा राहणे, आणि तेही ‘कोमेर’च्याच वाटेने जाते : बिबीऽ, बिबीऽस्ते, बिब्योऽ आणि पुढे तसेच. एकूण बारा प्रत्यय. लॅटिन अमेरिकेत अनेकवचनी ‘तुम्ही’चे ‘-स्तेइस’ हे रूप बोलण्यात नाही, तिथे तृतीय पुरुषाचेच रूप चालते. म्हणजे मेक्सिको किंवा पेरूची स्पॅनिश शिकणाऱ्याला दहाच पुरतात. आता या बाराही रूपांत जोर कुठे आहे ते पाहावे. तो एकदाही धातूवर नाही, प्रत्येक वेळी प्रत्ययावर आहे. वर्तमानकाळात याच्या उलट घडते : काऽन्तो, काऽन्तास, काऽन्ता, काऽन्तान या चारही रूपांत जोर धातूवर बसतो. स्पॅनिश ऐकणारा माणूस काळ ओळखतो तो आधी या सरकण्यावरून. म्हणून माझ्या मते नियमित भूतकाळाची पहिली व्याख्या ‘प्रत्यय ठरावीक असतात’ ही नसावी. ‘जोर धातू सोडून प्रत्ययावर जातो’ ही असावी.

ही व्याख्या केवळ शिकवण्याची सोय नाही, तिला इतिहासाचा आधार आहे. लॅटिनमध्ये ‘मी गायलो’ला ‘कान्तावी’ आणि ‘तो गायला’ला ‘कान्तावित’ म्हणत. मधला ‘व’ बोलण्यात झिजला. ‘कान्तावी’चे ‘कान्ताई’ झाले आणि त्यातून ‘कान्तेऽ’ आले. ‘कान्तावित’चे ‘कान्ताउत’ झाले आणि त्यातून ‘कान्तोऽ’. दोन स्वर एकात मिसळले आणि जोर त्या मिसळलेल्या स्वरावर राहिला. गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज अजून कानांवर आहे त्यांना हा मधला टप्पा लेखनात दिसेल, कारण पोर्तुगीजमध्ये आजही ‘कान्तोउ’ असेच लिहितात. जे स्पॅनिशमध्ये पूर्ण मिसळले ते तिथे अर्ध्या वाटेवर दिसते. याउलट जी क्रियापदे अनियमित म्हणवली जातात त्यांतली मोठी टोळी अशी, की लॅटिनमध्येच जिचा जोर धातूवर होता आणि तो तिथेच राहिला : ‘तूऽबो’ म्हणजे त्याच्याकडे आले किंवा त्याला मिळाले, ‘ईऽसो’ म्हणजे त्याने केले, ‘दीऽखो’ म्हणजे तो म्हणाला. नियमित आणि अनियमित यांच्यातली सीमारेषा बऱ्याच अंशी जोराची आहे. आणि ही सीमा स्थिर नाही. ‘बिबीर’ लॅटिनमध्ये नियमित नव्हते, त्याचा भूतकाळ ‘विक्सी’ असा होता. (हा धातू आपल्या ‘जीव्’चा सख्खा भाऊ आहे, दोघे एकाच प्राचीन मुळापासून आले.) मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये, म्हणजे जुन्या स्पॅनिशमध्ये, ‘तो जगला’ यासाठी ‘बीऽस्को’ असे धातूवर जोर असलेले रूप लिहिलेले आढळते. पुढे लोकांनी ते सोडले आणि ‘बिब्योऽ’ केले. भाषेने स्वतःच एक अनियमित क्रियापद नियमित करून घेतले. आजही स्पॅनिशमध्ये नवे क्रियापद आले, संगणकाचे असो की फोनचे, की ते ‘-आर’ घरात जाते आणि त्याला ‘-एऽ, -आऽस्ते, -ओऽ’ आपोआप लागतात. ही रूपे पाठांतराची अवशेषवस्तू नाहीत. रोज नवी घडणारी गोष्ट आहे.

दुसरा भूतकाळ रचनेने आणखी सोपा आहे. ‘-आर’ घरासाठी कान्ताऽबा, कान्ताऽबास, कान्ताऽबा, कान्ताऽबामोस, कान्ताऽबाइस, कान्ताऽबान. बाकी दोन घरांसाठी कोमीऽआ, कोमीऽआस आणि त्या धर्तीची रूपे. संपूर्ण भाषेत या काळात अनियमित क्रियापदे तीनच आहेत : ‘सेर’ (असणे), ‘ईर’ (जाणे) आणि ‘बेर’ (पाहणे). स्पॅनिश व्याकरण या काळाला ‘इम्पेर्फेक्तो’ म्हणते, म्हणजे शब्दशः ‘अपूर्ण’. शाळेच्या मराठी व्याकरणात आपण ‘अपूर्ण भूतकाळ’ शिकलो तोच शब्द. तो गात होता : कान्ताऽबा. पण स्पॅनिशचा हा एकच काळ आपल्या दोन काळांचे काम करतो. ‘तो रोज पहाटे गात असे’, ‘तो रोज पहाटे गायचा’ या रीती भूतकाळालाही स्पॅनिशमध्ये ‘कान्ताऽबा’च. म्हणजे मराठीत इथे स्पॅनिशपेक्षा एक भेद जास्त आहे. जास्त भेद करणाऱ्याला कमी भेद करायला शिकणे सोपे असते. उलट प्रवास कठीण. इंग्रजीची अडचण नेमकी ही उलट्या प्रवासाची आहे. इंग्रजीतला साधा भूतकाळ ‘तो काल गायला’ यासाठी चालतो आणि ‘तो दर रविवारी गायचा’ यासाठीही चालतो. इंग्रजी मुलखातल्या विद्यार्थ्याला एका रूपाचे दोन तुकडे करायला शिकावे लागते, म्हणून त्याच्या पुस्तकांत या निवडीवर प्रकरणेच्या प्रकरणे असतात. ती प्रकरणे त्याच्यासाठी योग्यच आहेत. तीच पुस्तके पुण्यात किंवा नागपुरात उघडून मराठी विद्यार्थ्याला ‘गायला’ आणि ‘गायचा’ यांत फरक असतो हे इंग्रजीतून समजावणे हा मात्र त्याच्या बुद्धीचा आणि वेळेचा अपव्यय आहे.

कहाणी सांगणाऱ्या आजीला हा फरक कुणी शिकवला नव्हता. आटपाट नगर असते, तिथे एक राजा राज्य करत असतो, त्याची राणी रोज देवाला जाई, नेम करी, दान देई; आणि एके दिवशी दारात कुणी याचक आला. ‘जाई, करी, देई’पर्यंत गोष्ट सुरू झालेली नसते, फक्त जग मांडलेले असते. ‘एके दिवशी आला’ म्हटले की गोष्ट चालू लागते. स्पॅनिश लोककथा याच दोन पायांवर चालते : पार्श्वभूमी इम्पेर्फेक्तोत, घटना साध्या भूतकाळात. १६०५ साली छापलेल्या ‘दोन किखोते’च्या पहिल्याच वाक्यात नायकाच्या राहण्याबद्दलचे क्रियापद ‘बिबीऽआ’ आहे, ‘बिब्योऽ’ नाही. ‘बिब्योऽ’ असते तर त्याचे आयुष्य तिथेच संपल्यासारखे वाटले असते, ‘राहिला’ म्हटल्यावर मराठीत वाटते तसेच. ‘राहत होता’ म्हटले की वाचक आपोआप पुढे काय झाले याची वाट पाहतो.

या वाट पाहण्याचे सर्वात नेमके वर्णन एका अमेरिकी माणसाने केले. अमेरिकी म्हणजे दक्षिण अमेरिकेतला. आन्द्रेस बेयो १७८१ साली काराकासमध्ये जन्मला, पुढे चिलीत स्थायिक झाला, आणि १८४७ साली त्याने अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी म्हणून एक व्याकरण लिहिले. त्याने ‘कान्ताऽबा’ला ‘कोप्रेतेरितो’ असे नाव दिले. आपण त्याला ‘सहभूत’ म्हणू. त्याचे म्हणणे असे की या रूपाला स्वतःचा वेगळा क्षण नसतो. भूतकाळातल्या दुसऱ्या कशाच्या तरी बरोबर ते चालते. मराठीत ‘तो गात होता’ एवढेच म्हणून थांबून पाहावे. ऐकणारा लगेच विचारतो, केव्हा? ‘मी पोचलो तेव्हा.’ ‘तो गायला’ म्हटल्यावर असा प्रश्न येत नाही. वाक्य स्वतःच्या पायावर उभे राहते. बेयोचे नाव स्पेनच्या भाषा-अकादमीने स्वीकारले नाही, पण मराठी माणसाला त्याचा अर्थ एका वाक्यात पटतो. अकादमीच्या पुस्तकांत साध्या भूतकाळाला प्रदीर्घ काळ ‘इन्देफिनिदो’, म्हणजे ‘अनिश्चित’, म्हटले गेले. सर्वांत निश्चित, बंद झालेल्या घटनेच्या काळाला हे नाव! विद्यार्थ्याने या नावाकडे दुर्लक्ष करावे. ते वर्णन नाही, नुसती खूणचिठ्ठी आहे.

मराठीवर विसंबण्याचा सर्वांत मोठा लाभ मात्र इथे नाही. इंग्रजी पुस्तकांतून पसरलेला एक सोपा पण चुकीचा नियम आहे : क्रिया लांबली असेल तर इम्पेर्फेक्तो, क्षणात झाली असेल तर साधा भूतकाळ. हा नियम पाळणारा विद्यार्थी ‘तो रात्रभर गायला’ यासाठी ‘कान्ताऽबा’ म्हणतो आणि चुकतो. स्पॅनिश माणूस तिथे ‘कान्तोऽ’ म्हणतो, कारण ‘रात्रभर’ने क्रियेला दोन्ही बाजूंनी कुंपण घातले. इबेरियन द्वीपकल्पावरच्या मुस्लिम राजवटी ७११पासून १४९२पर्यंत, म्हणजे आठ शतकांना थोडी कमी, टिकल्या. तरीही ‘टिकणे’साठीचे ‘दुरार’ इथे ‘दुराऽरोन’ होते. जवळपास आठशे वर्षे, आणि काळ साधा भूतकाळ! मराठीत ‘मी दहा वर्षे सोलापुरात राहिलो’ आणि ‘मी तेव्हा सोलापुरात राहत होतो’ यांत वर्षे मोजून निवड कुणी करत नाही. पहिल्यात दहा वर्षांची गाठ बांधून बाजूला ठेवली आहे, दुसऱ्यात आपण त्या वर्षांच्या आत उभे आहोत. ही जाण हाच स्पॅनिशचा नियम आहे. ‘लांब-आखूड’ ऐवजी ‘गाठ बांधली की आत उभे आहोत’ असे विचारावे, आणि ते विचारताना मराठी वाक्य मनात म्हणावे. उत्तर बहुतेक वेळा बरोबर येते.

काही क्रियापदांत स्पॅनिश काळ बदलते तिथे मराठी शब्दच बदलते, आणि हाही आपल्याला फायदाच. ‘कोनोसेर’ म्हणजे ओळखणे. इम्पेर्फेक्तोत ‘कोनोसीऽआ’ : मी तिला ओळखत होतो. साध्या भूतकाळात ‘कोनोसीऽ’ : माझी तिच्याशी ओळख झाली. रूपे पूर्ण नियमित आहेत, पण इंग्रजीतून येणाऱ्याला हे अर्थाचे वळण विलक्षण वाटते. मराठीत ‘ओळख असणे’ आणि ‘ओळख होणे’ हे दोन वेगळे संसार आहेतच. तसेच ‘माहीत होते’ आणि ‘कळले’, ‘येत होते’ आणि ‘जमले’. आणि ‘गुस्तार’, ज्याने युरोपातल्या कित्येक विद्यार्थ्यांना छळले, ते तर मराठीतून आल्यासारखे वाटते. मला आंबा आवडला : मे गुस्तोऽ एल माऽन्गो. मला आंबे आवडले : मे गुस्ताऽरोन लोस माऽन्गोस. आवडणारी वस्तू एक की अनेक यावर क्रियापद चालते, आवडणारा माणूस ‘मला’ म्हणून बाजूला बसतो. वाक्याची घडण तीच.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप गंभीर आहे : मराठी आणि स्पॅनिश यांची जुळणी पूर्ण नाही, आणि अर्धवट जुळणी फसवते. हे खरे आहे. दोन ठिकाणी ती स्पष्टपणे तुटते. पहिले ठिकाण ‘होता’. ‘तो चांगला राजा होता’ या मराठी वाक्याला स्पॅनिशमध्ये दोन भाषांतरे आहेत : त्याच्या कारकिर्दीच्या मधल्या चित्रासाठी ‘एऽरा’, आणि सगळी कारकीर्द पाहून दिलेल्या निवाड्यासाठी ‘फुए’. मराठीचे ‘होता’ इथे मुके आहे. ‘कार्यक्रम छान झाला’सारखा ‘झाला’ कधीकधी मदत करतो, नेहमी नाही. दुसरे ठिकाण अधिक धोक्याचे, कारण तिथे मराठी मुकी नसून भलतेच बोलते. आपण सहज म्हणतो, ‘काल मी त्याच्याशी बोललो होतो.’ पुढे दुसरी कुठलीच भूतकाळातली घटना नसते, तरी ‘होतो’ लावतो. हे वाक्य शब्दाशब्दाने उलटवले तर ‘आबीऽआ आब्लाऽदो’ होते आणि स्पॅनिश ऐकणारा ताटकळत राहतो : बोलला होतास, मग नंतर काय झाले? त्याला हवे असते नुसते ‘आब्लेऽ’. पूर्ण भूतकाळाचा हा सैल वापर मराठी विद्यार्थ्याच्या स्पॅनिशमध्ये हमखास शिरतो. पण या दोन जागा दाखवता येतात, त्यांच्यावर बोट ठेवता येते. इंग्रजीतून शिकताना चुकीची जागा एक-दोन नसते, प्रत्येक भूतकाळी वाक्य ही चुकीची जागा असते. ज्या वाटेवरचे दोन खड्डे माहीत आहेत ती वाट, सगळीच खडबडीत असलेल्या वाटेपेक्षा बरी.

या आक्षेपाला जोडूनच ‘मी गायलो आहे’चा प्रश्न येतो. स्पॅनिशमध्ये ‘ए कान्ताऽदो’ असा जोडकाळ आहे आणि तो आपल्या ‘गायलो आहे’शी घडणीने जुळतो. पण माद्रिदमध्ये आज सकाळी झालेल्या गोष्टीसाठी बहुधा हाच जोडकाळ वापरतात आणि काल झालेल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळ. मेक्सिकोत किंवा ब्वेनोस आयरेसमध्ये आज सकाळच्या गोष्टीलाही साधा भूतकाळ चालतो, आणि स्पेनमध्येच गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवर तसाच कल आहे. आजचे आणि आजच्या आधीचे असा भेद काळात मुरवणे आपल्याला पुस्तकातून तरी ठाऊक आहे. पाणिनीने ‘अनद्यतन’ भूतासाठी, म्हणजे आज न घडलेल्यासाठी, वेगळा लकार सांगितला आणि आपण संस्कृतच्या वर्गात तो लङ् म्हणून पाठ केला. माद्रिदची बोली अद्यतन-अनद्यतन भेद पाळते, मेक्सिकोची पाळत नाही, एवढे लक्षात ठेवले तर या जागी गोंधळायचे कारण नाही.

खरी नवी गोष्ट, जिच्यावर मराठी विद्यार्थ्याने घाम गाळावा, ती कर्त्याची. ‘तिने पोळी खाल्ली, तिने आंबा खाल्ला, तिने आंबे खाल्ले’ : आपले सकर्मक क्रियापद भूतकाळात खाणारीकडे पाहत नाही, खाल्लेल्या वस्तूकडे पाहते. आपला हा भूतकाळ मुळात कृदन्त आहे. ‘मया पत्रं लिखितम्’ या घडणीतून ‘मी पत्र लिहिले’ आले, म्हणून त्यात लिंग आहे आणि ते लिंग पत्राचे आहे. स्पॅनिशमध्ये तिन्ही वाक्यांना एकच शब्द, ‘कोम्योऽ’. पोळी असो की आंबे, खाणारा पुरुष असो की स्त्री, ‘कोम्योऽ’ बदलत नाही. बदलते ते फक्त खाणारा ‘मी, तू, तो’ यांपैकी कोण आणि एक की अनेक यावर. ही सवय मात्र आपल्यात अर्धी आहेच. अकर्मक क्रियापदात आपण ‘गेलो, गेलास, गेला’ म्हणतो आणि ‘मी’ गाळला तरी कळते. सगळी क्रियापदे ‘जाणे’सारखी वागवायची आणि त्यातून स्त्रीलिंग-पुल्लिंग काढून टाकायचे, एवढा हा बदल आहे. गंमत अशी की स्पॅनिशही एकेकाळी आपल्या वाटेवर होती. ‘आबेर’ या सहायक क्रियापदाने होणाऱ्या जोडकाळात मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये कृदन्त पुष्कळदा कर्माशी जुळत असे, ‘पत्रे लिहिली आहेत’मध्ये जुळते तसे. पुढे तिने ते सोडले आणि कृदन्त एकाच रूपात गोठवले. आपण सोडले नाही. द्वितीय पुरुषाबाबत एक सावधगिरी : ‘तू गेलास’च्या ‘स’ची सवय ‘कान्ताऽस्ते’च्या शेवटी ‘स’ लावायला लावेल. स्पॅनिशचे स्वतःचे ‘तू’चे जवळपास प्रत्येक रूप ‘स’ने संपते, त्यामुळे तिथले लोकही बोलताना ‘कान्ताऽस्तेस’ म्हणून जातात. ते प्रमाण धरले जात नाही. आणि ‘कान्ताऽमोस’ हे रूप ‘आम्ही गातो’ आणि ‘आम्ही गायलो’ दोन्हींसाठी एकच आहे. इथे जोरही मदतीला येत नाही, संदर्भच पाहावा लागतो.

एका भाषेच्या चौकटीतून दुसरी भाषा मांडण्याचा हा मार्ग कोकणच्या किनाऱ्यावर उलट दिशेने फार पूर्वी चालून झाला आहे. १६१६ साली छापलेले मराठी ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, गोव्यात रायतूर इथे छापले गेले. त्यांनी लॅटिन व्याकरणाची चौकट घेऊन कोकणी मांडली, कारण त्यांचा वाचक लॅटिन शिकलेला होता. त्याआधी १४९२ साली आन्तोनियो दे नेब्रिहाने कास्तिलियनचे व्याकरण सालामांकात छापले तेव्हा त्याच्याही हाती लॅटिनचीच मोजपट्टी होती. वाचकाला जे येते तिथून सुरुवात करणे हा व्याकरणकारांचा जुना मार्ग आहे. आपल्या वाचकाला मराठी येते.

दुसरा आक्षेप घोकंपट्टीच्या बाजूने येतो : पाढे आणि रूपावली पाठ करून पिढ्या शिकल्या, मग जोर आणि जाण यांचा एवढा विचार कशाला? मी पाठांतराच्या विरोधात नाही. बारा आणि बारा प्रत्यय पाठ झालेच पाहिजेत, झोपेतून उठवले तरी आले पाहिजेत. पण धातुरूपावली आपण मोठ्याने म्हणत होतो, ही गोष्ट विसरली जाते. छापील स्पॅनिश तक्ता डोळ्यांनी वाचला जातो, आणि डोळा ‘ओ’वरची तिरकी रेघ ओलांडून जातो. मोठ्याने, जोर योग्य जागी देऊन म्हटलेला तक्ता ही वेगळीच वस्तू आहे. तिसरा आक्षेप असा की सर्वाधिक वापरातली क्रियापदे अनियमितच आहेत, मग नियमितावर पुस्तक का? कारण अनियमितांचेही बहुतेक प्रत्यय इथलेच आहेत. ‘तूऽबे, तुबीऽस्ते, तूऽबो, तुबीऽमोस, तुबीऽस्तेइस, तुब्येऽरोन’ यांतली चार रूपे ‘कोमेर’च्या तक्त्यातल्याच प्रत्ययांनी संपतात, वेगळी आहेत ती ‘मी’ आणि ‘तो’ची, जिथे जोर धातूवरच राहिला आहे. आणि काळाची निवड तर दोन्ही गटांत एकच आहे. नियमित नीट आले की अनियमित ही थोड्या धातूंची यादी उरते.

वाचकाला एक विनंती. ‘ब’ आणि ‘व’ स्पॅनिशमध्ये एकाच आवाजाचे आहेत, ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखे दंत्य आहेत, ‘ह’ लिहितात पण म्हणत नाहीत. म्हणजे तोंडाला फारसे नवे काही करायचे नाही. नवे करायचे आहे ते कानाला. म्हणून पुढचे पान उलटण्याआधी ‘काऽन्तो, कान्तोऽ’, ‘काऽन्ते, कान्तेऽ’, ‘तेऽर्मिनो, तेर्मीऽनो, तेर्मिनोऽ’ ही रूपे मोठ्याने म्हणावीत. डोळे मिटून दुसऱ्याकडून म्हणवून घ्यावीत, आणि कोणते रूप कानी पडले ते न बघता सांगता येईपर्यंत पहिल्या तक्त्याकडे जाऊ नये.